होडीतली दुसरी जागा

आमच्या सोसायटीत प्रवासवर्णन सांगायचं तर ते किमान नॉर्वेचं तरी असावं लागतं. तिसऱ्या मजल्यावरचे साठे गेल्या वर्षी आकाशातले हिरवे दिवे बघून आले, आणि ते सगळे दिवे आम्ही त्यांच्या दिवाणखान्यात ढोकळा खात एकेक करून पाहिले. त्यामुळे मी मुळशीला तीन दिवस जाऊन आलो म्हटल्यावर लोकांनी एवढंच विचारलं, "जाताना मिसळ कुठे खाल्ली?" पुण्याचा माणूस मुळशीला सकाळी जातो, भजी खातो, धरणाकडे पाठ करून फोटो काढतो आणि संध्याकाळच्या वाहतुकीला शिव्या देत परत येतो. तीन दिवस तिथे काय करायचं हे कोणालाच कळेना. म्हणून लिहितो आहे. आम्ही होडी बघायला गेलो होतो. शिडाची, विकत घेण्यासाठी.

गैरसमज नको. हौस माझी नाही. माझी बायको माधवी बँकेतून निवृत्त झाली, तेव्हा मला वाटलं होतं की ती चारचौघींसारखी योगासनं करील, कुंडीत कोथिंबीर लावील. ती खडकवासल्याच्या बाजूला जाऊन शीड चालवायला शिकली. घरी येऊन जेवताना चमच्याने वारा कुठून येतो ते दाखवू लागली. मी ते सहन केलं, कारण शिकणं वेगळं आणि विकत घेणं वेगळं.

आता माझ्याविषयी. मी पाण्याला घाबरत नाही. मला पोहता येत नाही, बसलेली जागा हललेली आवडत नाही, आणि दुपारच्या जेवणानंतर मी देवालाही भेटत नाही. या तिन्हींचा एकत्र परिणाम लांबून भीतीसारखा दिसतो, त्याला माझा इलाज नाही.

निघायच्या सकाळी डब्यात दशम्या भरता भरता माधवी म्हणाली, "हे बघ विनय, बोटी दोन तऱ्हेच्या असतात. एकाची आणि दोघांची. तू येणार असशील तर दोघांची घेईन. नसशील तर एकटीची. या तीन दिवसांत काय ते सांग. नंतर मी पुन्हा विचारणार नाही."

ती धमकी देत नाही. बँकेत वसुली खात्यात असतानाही ती समोरच्याला फक्त माहिती द्यायची, आणि तो घामाघूम व्हायचा. मला मात्र मनातून आनंदच झाला. एकटीची घेतली की रविवारची दुपार माझी. पण लगेच तसं म्हणणं बरं दिसत नाही. म्हणून "बघू" म्हणालो आणि गाडीत बसलो.

कासार आंबोली

पहिली होडी रस्त्यापासून आत, एका शनिवार-रविवारच्या बंगल्यात होती. मालक केदार नावाचा आयटीतला तरुण. त्याने फाटक उघडलं आणि थेट माझा हात हातात घेतला.

"सर, बेसिकली ही फॅमिली बोट आहे. तुम्हाला सेलिंग एंजॉय करता येईल आणि मॅडम रिलॅक्स करू शकतील. कुशन आहेत, कपहोल्डर आहेत, स्पीकर पण बसवलाय."

"शीड मी चालवते," माधवी म्हणाली.

"वॉव," असं म्हणून तो पुन्हा माझ्याकडे वळला. "सर, तुमचा एक्सपिरियन्स किती?"

इथे मी शहाणपणाने खरं सांगायला हवं होतं. पण समोरचा आपल्याला जाणकार समजत असताना त्याचा हिरमोड करणं आमच्या घराण्यात बसत नाही. मी होडीला एक फेरी मारली आणि तिच्या अंगावर टिचकी वाजवली. आम्ही माठ घेताना वाजवतो तशी. आवाज बरा आला. मी मान डोलावली.

"सरांना कळतंय," केदार आदराने म्हणाला.

माधवीने तोवर आत वाकून पाहिलं होतं. होडीच्या पुढच्या भागात पावसाचं पाणी आणि माती साचून गवती चहाचं चांगलं बेट उगवलं होतं. आम्हाला आल्याआल्या जो चहा मिळाला तो त्यातलाच होता, हे केदारने कौतुकाने सांगितलं. मग माधवीने शीड कुठे आहे ते विचारलं. शीड हिरवळीवर चार बांबूंना ताणून बांधलेलं होतं. त्याच्याखाली केदारचे मित्र कणसं आणि कोंबड्या भाजत, आणि ठिणग्यांनी त्याची चाळणी झाली होती.

"ही पाण्यात शेवटची कधी उतरवली होती?"

"टेक्निकली, नाही उतरवली," केदार म्हणाला. "पण पावसाळ्यात ही पाण्यातच असते."

गाडीत बसल्यावर मी म्हणालो की होडी तशी दणकट होती. माधवीने माझ्याकडे नुसतं पाहिलं. "आवाजावरून ना?" ती म्हणाली. पौड येईपर्यंत मी खिडकीबाहेरची झाडं बघत होतो.

कोळवण

पौडहून कोळवणच्या खोऱ्यात शिरलं की हवा बदलते. भात कापून झालं होतं, खाचरांत धसकटं उरली होती आणि पेंढ्याच्या गंज्या रचलेल्या होत्या. मधूनच एखादं भलंमोठं लोखंडी फाटक लागायचं. त्यावर 'सुकून' नाहीतर 'माझं आकाश' असं लिहिलेलं, आणि शेजारी 'आत येऊ नये'. पूर्वी ज्या बांधावरून सगळं गाव ये-जा करत असे, तिथे आता कोणाला तरी शांतता मिळते, म्हणून गावाने वळसा घालायचा. आमच्या पुणेकरांची शांतता अशी दुसऱ्याच्या पायांवर उभी असते.

ज्यांच्याकडे आम्ही पुढची होडी बघायला चाललो होतो, त्या शेतकरी बबनरावांनी असाच एक खालचा तुकडा एका शहरी माणसाला विकला होता. त्याला शिडाच्या होड्यांचा नाद होता. कोळवणात तळं नाही, ही अडचण त्याला जमीन घेतल्यावर कळली असावी. पुढे तो परदेशी गेला आणि जाताना दोन होड्या बबनरावांना देऊन गेला. बबनराव आता घराच्या दोन खोल्या पाहुण्यांना भाड्याने देतात. आम्ही त्यांतल्या एकीत उतरलो.

"या सायेब," बबनराव मला म्हणाले. "होडी तुमीच बगनार न्हवं?"

"मी बघणार," माधवी म्हणाली.

"व्हय व्हय, ताई बी बगतील. पन चालवनार कोन?"

"मी."

बबनरावांनी माझ्याकडे पाहिलं. घरात मोठं दुखणं असलेल्या माणसाकडे बघावं, तसं. "बरं बरं," ते म्हणाले. "चालतंय की."

एकटीची होडी परसात पालथी घातली होती आणि तिच्याखाली कोंबड्या राहत होत्या. त्यांना बाहेर काढायला बराच वेळ लागला. दोघांची होडी गोठ्याशेजारच्या पडवीत होती, आणि ती भाताच्या पोत्यांनी काठोकाठ भरलेली होती.

"हिच्यात ठिवल्यापासनं एक उंदीर न्हाई शिरला," बबनराव होडीच्या कडेवर थाप मारत म्हणाले. "लई घट्ट हाय. कनगीपेक्षा भारी."

पोती उतरवल्यावर माधवी आत चढली, खाली बसली, सुकाणूची दांडी हलवून पाहिली, फळीचा सांधा न् सांधा बोटांनी चाचपला. शीड माळ्यावर नीट घडी करून, डांबरगोळ्या घालून ठेवलेलं होतं. लग्नातल्या शालूलाही आमच्या घरी एवढी काळजी मिळालेली नाही. ती बराच वेळ त्या दोन बसायच्या जागांकडे बघत राहिली. मी कोंबड्या बघत राहिलो.

जेवायला तांदळाची भाकरी, पावट्याची आमटी, ठेचा आणि आंबेमोहोर भात होता. ज्यांनी फक्त दुकानातल्या पिशवीवर 'आंबेमोहोर' वाचलं आहे, त्यांना काही सांगण्यात अर्थ नाही. झाकण काढल्याबरोबर मी बोलायचा थांबलो, यावरून काय ते समजा. वाढत होत्या बबनरावांच्या पत्नी, कमलताई. ठेंगण्या, भक्कम, आणि मनात आलेलं तोंडात अडू न देणाऱ्या.

"तुमी न्हाई जानार पान्यात?" त्यांनी मला विचारलं.

"नाही, मला दुपारी जरा..."

"भ्या वाटतं व्हय?"

"तसं नाही."

"मग कसं?"

आमच्याकडे कोणी असं विचारत नाही. आमच्याकडे "हल्ली जमत नाही हो" म्हटलं की समोरचा सभ्यपणे विषय बदलतो.

"आमचं ह्ये बी तसंच," कमलताई नवऱ्याकडे हात करून म्हणाल्या. "जल्म सारा खाचरात गेला, पन गुडघ्याच्या वर पानी आलं की मला हाक मारत्यात."

"भात वाढ," बबनराव म्हणाले. मला तो माणूस एकदम जवळचा वाटू लागला.

मुळशी

दुसऱ्या दिवशी दोन्ही होड्या पिकअपवर लादून पाण्याकडे न्यायचं ठरलं. माधवीच्या एका मैत्रिणीचं घर धरणाच्या काठाला आहे, तिथल्या उतारावरून होडी पाण्यात सोडायची तिने आधीच विचारून ठेवलं होतं. निघताना ती बबनरावांना म्हणाली, "दोघांची बोट रिकामी चालवून कळत नाही. दुसऱ्या जागेवर वजन लागतं." आणि तिने माझ्याकडे पाहिलं. मी डोंगराकडे पाहिलं. डोंगर खरोखरच सुंदर होता.

"मग पोतं घिऊ की," बबनराव म्हणाले. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत डोळ्यांनी तोललं. "सायेबांपरीस जरा हलकंच भरंल, पन चालतंय."

अशा रीतीने पिकअपमध्ये पुढे बबनराव आणि चालक, मागे दोन होड्या, एक भाताचं पोतं आणि "मला बी यायचं हाय" म्हणून चढून बसलेल्या कमलताई, आणि त्यामागून आमची गाडी अशी वरात निघाली.

धरणाचं पाणी निळं, थंड आणि अवाढव्य होतं. माधवी आधी एकटीची होडी घेऊन गेली. शीड भरलं, होडी कलली, आणि ती एक मोठा वळसा घालून परत आली.

"कशी आहे?" मी विचारलं.

"छान आहे."

माझ्या उपम्याला ती असंच छान म्हणते.

मग दोघांची. पुढच्या जागेवर पोतं ठेवलं. माधवी नियमांच्या बाबतीत कडक आहे, आणि ते घरंगळून पाण्यात गेलं तर बुडू नये म्हणून तिने त्याला तरंगायचं जॅकेट चढवलं. जॅकेट माझ्यासाठी आणलेलं होतं. मला खांद्यात घट्ट होतं, पोत्याला मात्र मापाने शिवल्यासारखं बसलं. काठावर उभा राहून मी माझ्या बायकोला त्या पोत्याबरोबर दूर जाताना पाहिलं. शेजारून सहलीला आलेलं एक कुटुंब चाललं होतं. त्यांच्यातल्या बाईंनी हात डोळ्यांवर धरून विचारलं, "ते काका काहीच करत नाहीयेत, नाही?"

परत येताना वारा वाढला. शिडाच्या होडीत वळताना पुढच्या माणसाने चटकन या बाजूचं त्या बाजूला सरकायचं असतं, म्हणजे तोल राहतो. पोतं जागचं हललं नाही. होडी आडवी झाली, कडेवरून पाणी आत आलं, आणि माधवी भिजून काठाला लागली.

"तसं पोतं चांगलं होतं," ती केस पिळत म्हणाली. "मध्येच सूचना देत नाही. फक्त वळताना त्याचा उपयोग नाही."

पुन्हा ती माझ्याकडे बघत राहिली. विचारणार नाही म्हणाली होती, तशी तिने विचारलं नाही. मी घसा साफ केला आणि म्हणालो, "मला वाटतं तू एकटीचीच घे. तुला मोकळेपणा मिळेल." हे वाक्य मी पौडपासून तयार करत होतो. वाटलं होतं त्यापेक्षा ते वाईट ऐकू आलं.

"ठीक आहे," माधवी म्हणाली आणि शीड उतरवू लागली.

"ताई, थांबा जरा," कमलताई पुढे झाल्या. त्यांनी पाण्यापलीकडे बोट केलं. "त्या सोंडंच्या मागं माझं म्हायेर हाय. हितनं समोर, पन एस्टीनं जायचं तर दीस मोडतो. ह्ये पोतं काढा, मी बसते. मला पवता येतंय."

"खुळी का काय तू?" बबनराव ओरडले.

"पोत्याला कुटं काय इचारलंत?" असं म्हणून कमलताईंनी लुगडं खोचलं आणि पोत्याच्या अंगातलं जॅकेट काढून स्वतःच्या अंगात घातलं. माधवीने वळताना कसं सरकायचं ते एकदा दाखवलं. दोघी निघाल्या. पहिल्या वळणाला कमलताई अशा काही टुणकन सरकल्या की त्यांचं हसू आम्हाला काठावर ऐकू आलं. मग शीड लहान होत गेलं आणि डोंगराच्या सोंडेआड दिसेनासं झालं.

काठावर मी, बबनराव आणि पोतं राहिलो.

सुरुवातीला आम्ही वाऱ्याबद्दल जाणकारांसारखं बोललो. एक तरुण जोडपं येऊन मला बोटिंगचं तिकीट कुठे मिळतं ते विचारून गेलं. दुपार झाली. माझी झोपेची वेळ आली आणि गेली, आणि माझा डोळा लागला नाही. सोंडेमागून काहीच येईना. तिथे काही झालं असेल तर मी काय करणार होतो? मला गुडघाभर पाण्यात उभं राहायचं म्हटलं तरी हाताला काहीतरी धरायला लागतं. इतक्या वर्षांत माधवी कुठे गेली आणि मला तिच्यापर्यंत जाता येणार नाही, असं कधी झालं नव्हतं. नाहीतर बँकेत फोन करायचो, भाजीवाल्यापर्यंत चालत जायचो. मी घाबरलो होतो. या वेळी त्याला दुसरं नाव नव्हतं.

"येतील," बबनराव म्हणाले. त्यांनी गवताची काडी चावून चावून तिचा भुगा केला होता.

उन्हं कलल्यावर शीड दिसलं. दोघी काठाला लागल्या तेव्हा माधवी गुडघ्यापर्यंत चिखलात माखलेली होती, कपाळावर ठसठशीत हळदीकुंकू होतं, आणि जॅकेटच्या आत नारळ आणि खण खोचलेला होता. कमलताईंच्या माहेरी उतरून त्या चहा पिऊन आल्या होत्या. लेक पाण्यातून आली म्हणून वहिनीने दोघींचीही ओटी भरली होती.

"भाऊ तर घाबरलाच," कमलताई सांगत सुटल्या. "म्हनला, धरनातनं ह्ये कोन आलं! आन् ताईंनी होडी अशी नेली, अशी नेली..."

माधवी हसत होती. कपडे ओले, श्वास लागलेला, आणि हसू आवरत नव्हतं. असं हसताना मी तिला फार दिवसांत पाहिलं नव्हतं. नॉर्वेच्या दिव्यांपुढेही ती इतकी हसली नसती.

"बबनराव, मी दोघांची घेते," ती म्हणाली.

माझ्या जिवात जीव आला. ती मला ओळखते, मी नाही म्हणालो तरी ते मनावर घेत नाही, असं वाटून मी मोठ्या मनाने म्हणालो, "बरं केलंस. मी येईन हळूहळू."

"तू कुठे?" माधवीला खरंच आश्चर्य वाटलं. "रविवारी कमलताई येणार आहेत. आमचं ठरलंय."

दोघांची होडी म्हटल्यावर दुसरा मीच, असं मी धरून चाललो होतो. प्रश्न एवढाच होता की मी तिला उपकृत करायचं की नाही. ती जागा दुसरं कोणी घेऊ शकतं, आणि घेऊन खूशही होतं, हे माझ्या डोक्यात एकदाही आलं नव्हतं.

मी बूट काढले, मोजे काढून त्यात घातले आणि पाण्यात शिरलो. पाणी गार होतं. मी होडीची कड घट्ट धरली. "मला बसव. आत्ता. एक फेरी."

माधवीने वर पाहिलं. "वारा पडलाय, विनय."

"मग पुढच्या रविवारी."

"पुढच्या रविवारी कमलताईंच्या भाच्याचं बारसं आहे, आम्ही तिकडे जाणार."

"मग मी कधी?"

तिने माझा कडेवरचा हात हळूच थोपटला. चिखलाचा पाच बोटांचा ठसा उमटला. "आधी पोहायला शीक," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी आम्ही पुण्याला परत आलो. होडी आता मुळशीच्या काठाला असते. रविवारी मी बरोबर जातो, थर्मास धरतो, आणि बबनरावांशेजारी बसून सोंडेकडे बघतो. मी पोहायच्या तलावावर नाव घातलंय हे कळल्यावर परवा त्यांनी इकडेतिकडे बघून हळूच विचारलं, "त्या तलावात पयल्यांदी काय शिकिवत्यात वो?"

"तोंड पाण्यात घालायला."

"बाप रे," ते म्हणाले, आणि आणखी थोडे माझ्या बाजूला सरकले.

साठे विचारतात तेव्हा मी सांगतो की गुडघ्यांसाठी पोहतोय, डॉक्टर म्हणाले. तलावावर ज्येष्ठांच्या तुकडीला शिकवणारी मुलगी मात्र चिवट आहे. मी रोज कठड्याला धरून उभा राहतो आणि श्वास घेऊन खाली जायची वेळ आली की मला काहीतरी आठवतं. गेल्या आठवड्यात तिने शेवटी विचारलंच, "काका, तुम्हाला एवढी भीती वाटते, मग शिकताय कशाला?"

तिला मी खरं सांगितलं. "बायकोच्या होडीत माझी जागा होती. मी नको म्हटलं. ती जागा गेली. आता परत मिळवायचीय."

ती हसेल असं वाटलं होतं. हसली नाही. तिने माझी बोटं कठड्यावरून एकेक करून सोडवली आणि म्हणाली, "श्वास घ्या, काका."

मी घेतला, आणि खाली गेलो.